‘ग्राही’ नुसता घेतो, की पुढे सांगतोही?

प्रश्न

नमस्कार. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मेंदूविषयी मराठीत छोटी पुस्तिका लिहिते आहे. एका वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे : ‘चेतापारेषक ग्राहीला चिकटला की पेशीतील जनुकांचे नियंत्रण होते.’ चेतापारेषक म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं रसायन (न्यूरोट्रान्समीटर), आणि ग्राही म्हणजे तो निरोप ओळखणारं पेशीचं प्रथिन (रिसेप्टर). व्याकरणात चूक नाही, पण वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. ‘ग्राही’ म्हणजे घेणारा. घेणाऱ्याने घेतलं, मग गोष्ट जनुकांपर्यंत पोचते कशी? रिसेप्टरसाठी दुसरा शब्द शोधावा का? आणि ‘नियंत्रण’ लिहावं की ‘नियमन’?

प्रतिसाद

ताई, ‘ग्राही’ बदलू नका. धातू ‘ग्रह्’, म्हणजे धरणे, घेणे, हे खरं. पण मराठीत आपण ‘ग्रहणशक्ती’ म्हणतो ती समजून घेण्याची ताकद असते, आणि ‘गुणग्राही’ माणूस गुण ओळखतो, पिशवीत भरून नेत नाही. रिसेप्टरही तेच करतो. ग्लुटामेट नावाचं पारेषक रसायन ओळखतो, पण ते आत नेत नाही. १९०५ साली केंब्रिजच्या जॉन लँग्लीने स्नायूंवर निकोटिन आणि क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं विष यांचा परिणाम अभ्यासून जी कल्पना मांडली तिला त्याने ‘ग्रहणशील द्रव्य’ या अर्थाचं नाव दिलं होतं. आपला शब्द त्या मूळ कल्पनेला धरूनच आहे.

खटकतो तो ‘चिकटला’. चिकटलेलं सुटत नाही. पारेषकाचा रेणू ग्राहीवर क्षणभर बसतो आणि निघून जातो. ‘बसतो’ म्हणा.

आता जनुकांपर्यंतची वाट. एनएमडीए हा ग्लुटामेटचा एक ग्राही घ्या, कारण त्याची गोष्ट मुलांना नक्की आवडेल. त्याच्या मधोमध छिद्र आहे आणि त्या छिद्रात मॅग्नेशियमचं बूच. ग्लुटामेट येऊन बसलं तरी बूच हलत नाही. त्याच वेळी पेशी आधीच चेतवलेली असेल, तिच्या पटलावरचं (बाहेरच्या पातळ आवरणावरचं) व्होल्टेज बदललेलं असेल, तरच बूच सुटतं आणि कॅल्शियम आत येतं. (‘चेतापेशी’तली चेतना आणि चूल ‘चेतवणे’ एकाच घरातले शब्द आहेत, हे मुलांना जरूर सांगा.) कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनावर बसतं, त्यामुळे कायनेज नावाची विकरं (फॉस्फेट लावणारी एन्झाइम्स) कामाला लागतात आणि केंद्रकातल्या ‘क्रेब’ या प्रथिनाच्या १३३ व्या अमिनो आम्लावर, म्हणजे तिथल्या सेरीनवर, फॉस्फेट लावलं जातं. क्रेब डीएनएच्या ठरावीक तुकड्यांवर बसतं. फॉस्फेट लागलं की ते सीबीपी हे मदतनीस प्रथिन जवळ ओढतं आणि सी-फॉससारख्या जनुकांचं प्रतिलेखन, म्हणजे वाचन, वाढतं. हे सगळं काही मिनिटांत.

हा वेग १९८६ साली ग्रीनबर्ग, झिफ आणि ग्रीन यांनी दाखवला. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीपासून वाढवलेल्या पेशींवरचे ॲसिटिलकोलीनचे ग्राही चेतवले, आणि मिनिटांतच सी-फॉस जागं झालं. ग्राहीचं काम क्षणात संपतं असं मानणाऱ्याला हे वाचून थांबावंच लागतं.

प्रतिसाद

पण स्वतःच डीएनएपर्यंत जाणारे ग्राहीही असतात ना? कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा तसा आहे.

प्रतिसाद

आहे, आणि म्हणूनच पुस्तिकेत फरक सांगायला हवा. कॉर्टिसॉल पेशीच्या आत शिरतं, त्याचा ग्राही आतच असतो आणि कॉर्टिसॉल मिळालं की तोच केंद्रकात जाऊन डीएनएवर बसतो. ग्लुटामेट, डोपामीन, सेरोटोनिन या पारेषकांचे ग्राही पेशीच्या पटलावर बसलेले असतात. म्हणजे निरोप्या दारातून परत जातो, आत जातो तो निरोप.

यावरून आठवलं : ग्राहीचा निरोप पेशीच्या आत पुढे नेणाऱ्या रेणूला, म्हणजे ‘सेकंड मेसेंजर’ला, ‘दुय्यम संदेशवाहक’ लिहू नका. दुय्यमचा मूळ अर्थ दुसरा असला तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीमुळे आपल्या कानाला तो हाताखालचा वाटतो. सायक्लिक एएमपी हा असा एक रेणू कोणाच्या हाताखालचा नाही, क्रमाने दुसरा आहे. ‘दुसरा निरोप्या’ किंवा ‘आतला निरोप्या’ लिहा, मुलांना लगेच कळेल.

प्रतिसाद

नियमन की नियंत्रण, याचं उत्तर डोपामीन देतं. त्याचा डी-१ नावाचा ग्राही चेतवला की सायक्लिक एएमपी वाढतं, आणि त्यातून क्रेबला फॉस्फेट लागू शकतं. डी-२ ग्राही चेतवला की तेच सायक्लिक एएमपी कमी होतं. रसायन एकच, परिणाम उलट. म्हणून ‘डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे वाक्य मला फार टोचतं, त्यात ग्राहीचा पत्ताच नसतो.

एनएमडीएबाबत तर जागासुद्धा महत्त्वाची. हार्डिंगहॅम, फुकुनागा आणि बाडिंग यांनी २००२ साली दाखवलं की सिनॅप्समधले, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावरचे, एनएमडीए ग्राही क्रेबला चालना देतात, तर सिनॅप्सबाहेरचे क्रेब बंद पाडतात आणि पेशीला मरणाच्या वाटेवर नेतात. आत शिरतं ते कॅल्शियमच, पण दार कुठलं यावर पुढचं सगळं ठरतं. ‘नियंत्रण’ म्हटलं की हातात लगाम धरलेला एक कोणी डोळ्यांपुढे येतो. इथे असा कोणी एक नाही. शरीराच्या तापमानाचं जसं ‘नियमन’ म्हणतो, तसंच इथेही म्हणा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं लिहिलं आहे : ‘ग्लुटामेट ग्राहीवर क्षणभर बसते आणि बाहेरच राहते. ग्राहीतून कॅल्शियम आत येते, ते निरोप केंद्रकापर्यंत पोचवते आणि काही जनुके सुरू होतात. याला जनुक नियमन म्हणतात.’

प्रतिसाद

छान झालं आहे. दोनच दुरुस्त्या सुचवतो. कॅल्शियम स्वतः सगळी वाट चालेलच असं नाही, पुढे इतर प्रथिनेही निरोप नेतात. म्हणून ‘ते निरोप पुढे देते’ लिहा. आणि ‘सुरू होतात’ऐवजी ‘जास्त वाचली जातात’. शांत पेशीतही सी-फॉस थोडंफार वाचलं जातच असतं, आणि काही जनुकांचं वाचन ग्राहीमुळे कमीही होतं. बटणाचं चित्र मुलांच्या डोक्यात एकदा बसलं की पुढच्या वर्गात ते काढायला शिक्षकांना फार कष्ट पडतात.