फिकट पिवळी मेफ्लाय नेमकी कोणती, आणि तिच्यासाठी फ्लाय कशी बांधावी?

प्रश्न
नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीपासून मी पेनसिल्व्हेनियातील चुनखडीच्या भागातल्या एका ओढ्यावर संध्याकाळी ट्राउट मासे पकडायला जातो. सूर्य मावळताना फिकट पिवळ्या मेफ्लाय (पाण्यात वाढणारे नाजूक पंखांचे कीटक) पाण्यावर येतात आणि मासे त्या टिपू लागतात. माझ्या १४ नंबरच्या गळावर बांधलेल्या पिवळ्या फ्लायजवळ (पिसे-केस बांधून केलेल्या नकली कीटकाजवळ) मात्र ते येतात आणि परत फिरतात. या कीटकाला कोणी सल्फर म्हणतात, तर कोणी लाइट काहिल. फरक कसा ओळखावा आणि बांधणीत काय बदलावे?

पहिले उत्तर
केवळ रंगावर विसंबू नये. चार-पाच कीटक पकडून शेपटीचे तंतू मोजावेत. ते सहज तुटतात, म्हणून एकच कीटक पाहणे पुरेसे नाही. तीन तंतू असतील तर ती एफेमेरेला प्रजातीतील सल्फर समजावी. दोन तंतू, आकार मोठा आणि मांड्यांवर गडद पट्टे असतील तर लाइट काहिल. पंख धूसर असतील तर तो नुकताच बाहेर पडलेला डन होय. पुन्हा एकदा कात टाकल्यावर ते काचेसारखे स्वच्छ होतात. पंख फुटल्यानंतरही कात टाकणारा कीटकांचा हा एकच गण आहे, आणि मला ही गोष्ट दर हंगामात नव्याने विलक्षण वाटते.

दुसरे उत्तर
सल्फर असेल तर १६ नंबरचा, म्हणजे अधिक लहान, गळ घ्यावा आणि जूनमध्ये, लहान जात येऊ लागली की, १८ नंबरचा. मासा खालून पाहतो, म्हणून रंग पोटाशी जुळवावा. डबिंग (फ्लायच्या अंगावर गुंडाळायची लव) ओले झाल्यावर गडद दिसते, त्यामुळे ते ओले करूनच तुलना करावी. हॅकल (कोंबड्याच्या मानेचे पीस) गुंडाळण्याऐवजी हरणाच्या केसांचा झुपका अर्धवर्तुळात उभा पसरवावा, म्हणजे फ्लायचे अंग पाण्याला टेकून तरंगते. या बांधणीला कंपाराडन म्हणतात. शेपटीच्या जागी तपकिरी चमकदार धाग्यांचा विरळ झुपका बांधल्यास कातीत अडकलेल्या कीटकाचा भास होतो. असा कीटक उडू शकत नसल्याने मासे त्यालाच अधिक पसंत करतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरे उत्तर
वरील सूचना योग्यच आहेत; तथापि मासा अगदी जवळ येऊन फिरतो तेव्हा दोष पुष्कळदा ओढ खाणाऱ्या दोरीचा असतो. नवी फ्लाय बांधण्यापूर्वी टिपेट (दोरीचा फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक भाग) हातभर लांब व अधिक बारीक करून, प्रवाहाच्या वरच्या अंगाने दोरी सैल सोडून पाहावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काल पाच कीटक पाहिले. चारांना तीन तंतू होते, एकाचे तुटले होते. १६ नंबरचे गळ काढून ठेवले आहेत. टिपेट मात्र आज संध्याकाळीच बदलतो.