झुलत्या पुलाची केबल कमी बाइट्समध्ये गोलसर कशी काढायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कमीत कमी बाइट्समध्ये प्रोग्रॅम बसवायचा, म्हणजे कोड गोल्फचा नाद लागलाय मला आणि सध्या पायथनमध्ये झुलता पूल काढतेय. इनपुट एकच, गाळे किती तो आकडा. २ दिलं की हे येतं:

```
|\        /|\        /|
| \      / | \      / |
|  \    /  |  \    /  |
|   \__/   |   \__/   |
=======================
|          |          |
```

याला १३६ बाइट लागले. वरच्या चार ओळींना एकच लूप, आकडा ० ते ३, खांबापासून तेवढ्या स्पेस सोडायच्या, मग बॅकस्लॅश, मग ८ वजा आकड्याची दुप्पट एवढी मधली जागा, मग स्लॅश आणि परत तेवढ्याच स्पेस. हा झाला ११ अक्षरांचा एक गाळा. पायथनमध्ये स्ट्रिंगला सरळ आकड्याने गुणता येतं, त्यामुळे गाळ्यांच्या संख्येने गुणून शेवटी एक खांब चिकटवला की ओळ तयार.

पण मला हा पूल पटत नाहीये, केबल अगदी सरळ रेषेत खाली येते. नुसती साखळी लोंबकळत ठेवली तर तिचा आकार वेगळा, पण पुलावर रस्त्याचं वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं म्हणून केबलचा पॅराबोला होतो, खांबापाशी उतार जास्त आणि मधे जवळजवळ आडवी. मला असं हवंय, हे हाताने काढलंय:

```
|\            /|
| \          / |
|  `.      .'  |
|    `-..-'    |
================
```

आणि इथेच अडलेय. पॅराबोलाचं सूत्र लावलं तर केबल कुठल्या ओळीत येणार ते कळतं, पण तिथे कुठलं अक्षर टाकायचं ते सूत्र सांगत नाही. मग वाटलं डावी बाजू स्ट्रिंगमध्ये भरून तीच उलटी करून उजवी काढावी, तर उलटवल्यावर फक्त क्रम बदलतो, बॅकस्लॅश बॅकस्लॅशच राहतो आणि उजवी केबलही डावीसारखीच झुकते! रिप्लेस घालून बदलावं तर वाचवलेले बाइट तिथेच जातात. त्यात अवतरणचिन्ह बंद करायच्या लगेच आधी बॅकस्लॅश आला की तो दोनदा लिहावा लागतो, तो एक बाइट वेगळाच.

सगळीकडे टिंबच टाकलं तर प्रश्न सुटतो हे माहितीये, पण मग केबलीचा बाक दिसत नाही, आणि माझा सगळा जीव त्या बाकातच आहे.

तर चारही ओळी सरळ स्ट्रिंगमध्ये भरणं हेच सगळ्यात लहान पडेल का, की उतारावरून अक्षर निवडायची एखादी छोटी युक्ती आहे? कोणी असं काही केलं असेल तर प्लीज सांगा. भाषा पायथनच हवी, बाहेरची लायब्ररी नको, ओळीच्या शेवटी जादा स्पेस राहिल्या तरी चालतील.

ता. क. लूपमध्ये रेंज वापरण्याऐवजी नुसतं ०,१,२,३ लिहिलं तर एक बाइट वाचतो, म्हणजे सरळ केबलवाला पूल आता १३५ वर आलाय.