गळ्याचा रंग वेगळा, तरी प्रजाती एकच?

प्रश्न (नांदेड): ॲमेथिस्ट-थ्रोटेड माउंटनजेम या डोंगरी जंगलातील हमिंगबर्डच्या दोन छायाचित्रांत एका नराचा गळा गुलाबी-जांभळा, तर दुसऱ्याचा निळसर-जांभळा दिसतो. या दोन प्रजाती मानाव्यात का?

उत्तर (परभणी): प्रजाती एकच, उपप्रजाती वेगळ्या. मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत बहुतेक ठिकाणी गळा गुलाबी-जांभळा असतो. मात्र नैर्ऋत्य मेक्सिकोतील गरेरो व वाहाकाच्या डोंगरांत तो निळसर-जांभळा होतो.

उत्तर (लातूर): तरीही छायाचित्राचे ठिकाण आधी पाहावे, कारण हा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे उमटतो आणि प्रकाशाचा कोन बदलताच गळा काळपट दिसतो. आमच्या बांधावरच्या पळसावर येणारा जांभळा शिंजीरही सावलीत काळाकुट्ट भासतो, मान वळवताच झळाळतो.

प्रश्नकर्ता: निळसर गळ्याचे छायाचित्र वाहाकाचेच आहे. शंका फिटली, मनापासून आभार.