एसजीएक्स: पान ईपीसीत परत आलं, तरी रॅम का सुटत नाही?

प्रश्न (वडोदरा): इंटेलच्या एसजीएक्समध्ये माझा एन्क्लेव्ह (प्रोग्रामचा संरक्षित भाग) ईपीसीपेक्षा, म्हणजे त्यासाठी राखीव मेमरीपेक्षा, मोठा आहे. ईडब्ल्यूबी या प्रोसेसर-सूचनेने पानं (मेमरीचे 4096 बाइट्सचे तुकडे) एनक्रिप्ट होऊन साध्या रॅममध्ये जातात, ईएलडीयू या सूचनेने परत येतात, पण शेअर्ड मेमरीचा आकडा चढतच राहतो. गळती म्हणायची का?

उत्तर १ (इंदूर): गळती नव्हे, एन्क्लेव्ह संपला की सगळं सुटतं. जुन्या लिनक्स कर्नलमध्ये ईएलडीयूनंतरही 4096 बाइट्सची एनक्रिप्टेड प्रत पडून राहते. ती पुन्हा कधीच लोड होणार नाही, कारण पुढच्या ईडब्ल्यूबीला व्हर्जन नवं मिळतं. तेव्हा लगेच ट्रंकेट करा, म्हणजे ती जागा सोडून द्या. पीसीएमडीला (बाहेर गेलेलं पान परत घेताना तपासायला लागणाऱ्या माहितीला) मात्र हा न्याय लावू नका! दर पानामागे एक नोंद, ती 128 बाइट्सची, म्हणजे पीसीएमडीच्या एका पानात 32 नोंदी. एका नोंदीसाठी अख्खं पान उडवलंत तर शेजारच्या नोंदी जातात आणि त्यांचं ईएलडीयू फसतं. आपली नोंद शून्य करा. पूर्ण पान शून्य असेल तरच सोडा.

उत्तर २ (ग्वाल्हेर): दादा, शून्य म्हणजे रिकामंच असं नाही. रिक्लेमरने (पानं ईपीसीबाहेर काढणाऱ्या कर्नलच्या भागाने) पीसीएमडीचं पान धरलेलं असतं, नोंद लिहायची बाकी असते. तेवढ्यात ट्रंकेट झालं की नोंद गेली. एन्क्लेव्हचं लॉक धरून त्या 32 नोंदी ज्या पानांच्या आहेत त्यांपैकी कुठलं पान रिक्लेममध्ये (बाहेर काढलं जात) आहे का, ते आधी तपासा. आणि नोंद बदलल्यावर पीसीएमडीचं पान डर्टी करायला (बदललं अशी खूण करायला) विसरू नका. या दुरुस्त्या 2022 मध्ये मुख्य कर्नलमध्ये आल्यात, हाताने पॅच करण्यापेक्षा कर्नल बदललेला बरा.