डिझेल पिकअपसाठी जंप स्टार्टर घ्यायचाय, २००० अँपिअरचा आकडा खरा मानायचा का?

माळशेजवाला

नमस्कार मंडळी. ओतूर ते कल्याण भाजीची गाडी चालवतो. पिकअप आहे, अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल, १२ व्होल्ट, बॅटरी ७५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठा), तिला अडीच वर्षं झाली. संध्याकाळी नारायणगावच्या लिलावात कोथिंबीर-मेथी भरायची, रात्री माळशेज उतरायचा आणि पहाटेच्या आत कल्याण गाठायचं, असं काम. कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर ठरतो आणि जुडी सुकली की तो कोसळतो. गाडी तासभर अडली तरी पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, दिसतं.

सध्या गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. थंडी पडली की हे वाढणार. भरलेली गाडी ढकलायला चार माणसं लागतात आणि रात्री घाटात मी एकटाच असतो. म्हणून छोटा लिथियमवाला जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरली तर चिमटे लावून गाडी चालू करायचा डबा, जवळ ठेवायचा विचार आहे. बजेट आठ हजार.

ऑनलाइन बघितलं तर डोकं चक्रावलं. एकाच आकाराच्या डब्यांवर कुठे १००० अँपिअर, कुठे २०००, कुठे थेट ४०००. सगळे म्हणतात डिझेलला चालतो. शेजारचा कारवाला म्हणतो हजाराचा पुरे, पण त्याची गाडी पेट्रोलची. कपॅसिटरवाला म्हणून आणखी एक प्रकार दिसला, तो जमेल का? चिमटे लावताना ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) उडेल अशीही भीती कोणीतरी घातलीय. आणि एप्रिल-मे मध्ये केबिनमध्ये ठेवला तर फुगेल का?

आधी_मीटर_लावा

दादा, डबा घेण्याआधी तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ असेल तर भरलेली, १२.० च्या आसपास असेल तर जवळजवळ रिकामी. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून बॅटरीच्या टर्मिनलवरच आकडा बघा. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दमलीय. आकडा चांगला राहतोय आणि तरी सेल्फ टकटक करतोय, तर इंजिनाची अर्थिंग पट्टी सोडवून घासा. ती चासीला जिथे बोल्टने बसते तिथे चिखल आणि गंज खाऊन कनेक्शन जातं. आमच्याकडे 'बॅटरी गेली' म्हणून येणाऱ्या गाड्यांत हे नेहमी सापडतं.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवं. मिळत नसेल तर डायनामो बघा, जंप स्टार्टर घेऊन काही होणार नाही.

आणि उभ्या गाडीत बॅटरी उतरतेय म्हणजे कोणीतरी वीज पितंय. जीपीएस, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, काय काय जोडलंय? फास्टॅगवर संशय घेणारे पण भेटतात, त्याला गाडीची वीज लागतच नाही.

खटपट्या

वरचं सगळं बरोबर, पण मूळ प्रश्न आकड्याचा आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात असतो तो 'पीक' करंट, म्हणजे क्षणभराचा सगळ्यात मोठा आकडा. तो कसा मोजायचा याचं बंधन नाही, त्यामुळे छापणाऱ्याची मर्जी. हिशोब करून बघा. १२ व्होल्टवर २००० अँपिअर वाहायला डबा, तार, चिमटे आणि सेल्फ मिळून सगळा रोध ६ मिलिओहमच्या आत हवा. त्या बोटाएवढ्या तारेत आणि पत्र्याच्या चिमट्यात यातला मोठा भाग आधीच संपतो. बॅटरीवरचा सीसीए (थंडीत सेल्फ फिरवायचा करंट) आकडा वेगळा. त्याला नियम आहे: उणे १८ अंशाला ३० सेकंद तेवढा करंट द्यायचा आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

एमएएचच्या, म्हणजे डब्यातल्या साठ्याच्या आकड्याच्या, मागेही लागू नका. २०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलवर धरलेला असतो, म्हणजे ७४ वॉट-अवर. सेल्फने १० व्होल्टला ३०० अँपिअर खेचले तरी पाच सेकंदांत जेमतेम चार वॉट-अवर जातात. साठा भरपूर असतो, अडतं ते एकदम सोडण्यात. म्हणून 'स्टार्टिंग करंट' किंवा 'क्रँकिंग करंट' वेगळा छापलाय का बघा. तुमच्या इंजिनाला तो ४००-५०० खरा असेल तर मी घेईन. नुसता पीक छापलेला असेल तर पुढे सरका.

डिझेलला जास्त का लागतं? ठिणगी नाही, हवा दाबूनच तापवायची. पेट्रोलमध्ये दाब साधारण दहाला एक, डिझेलमध्ये सोळा-अठराला एक. त्यात कॉमन रेल म्हटल्यावर सेल्फ ठरावीक वेगाने फिरल्याशिवाय रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीत) प्रेशर बनत नाही आणि ईसीएम इंजेक्टर उघडत नाही. जुन्या गाड्या धक्क्यावर चालू व्हायच्या, पण यात बॅटरी पार बसली असेल तर चार माणसं ढकलूनही ईसीएम जागा होत नाही.

सोलापुरी_ऊन

केबिनचं विचारलंत म्हणून. डॅशबोर्डवर अजिबात नाही. बंद गाडीत उन्हात तिथे सहज साठच्या वर जातं आणि लिथियम पॅकची ठेवायची मर्यादा बहुतेकांची तिथेच संपते. सीटखाली कापडात गुंडाळून ठेवा, गाडी दिवसभर उभी राहणार असेल तर घरी न्या. तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. माझ्या चुलतभावाचा फुगला होता, पॅकचं झाकण वर आलेलं. तसा दिसला की वापरायचा नाही, चार्जही करायचा नाही.

देशी_जुगाड

आठ हजार कशाला घालवता? वेल्डिंगची केबल आणा, २५ स्क्वेअर एमएम, तांब्याची, तीन-तीन मीटरचे दोन तुकडे, वायरमनकडून पितळी चिमटे क्रिम्प करून घ्या. गावात ट्रॅक्टर तर दारोदार आहेत, तोही १२ व्होल्टच. बाजारात तयार मिळते ती जंपर केबल घेऊ नका, रबर जाड आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम.

आधी_मीटर_लावा

केबल मस्तच, पण रात्री घाटात ट्रॅक्टर कुठून आणायचा? आणि मदतीला मोठा ट्रक थांबला तर त्याच्या बॅटरीला चिमटे लावू नका. त्यात १२ च्या दोन जोडून २४ व्होल्ट असतात. ईसीएम उडतात ते अशाने, किंवा उलटे चिमटे लावल्याने.

कॅलगरीकर

इकडे अल्बर्टात माझ्याकडे ६.७ लिटरची डिझेल पिकअप आहे. तिला दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात, म्हणजे व्होल्टेज १२ च, करंट जास्त. उणे ३० ला रात्रभर ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) घरच्या प्लगला लावून ठेवतो, नाहीतर कुठलाही डबा कामाचा नाही. तुमच्याकडच्या थंडीत त्याची गरज नाही, पण कपॅसिटरबद्दल सांगतो, तो वापरलाय. तो तुमच्या दमलेल्या बॅटरीतूनच उरलीसुरली वीज शोषून भरतो, महिनोन्‌महिने चार्ज करायची कटकट नाही, उन्हाथंडीला लिथियमपेक्षा दणकट. पण साठा एक-दोन सेल्फपुरताच. ज्या डिझेलला हीटर प्लग (चालू करण्याआधी सिलिंडर तापवणारे) आहेत तिथे चावी फिरवली की प्लगच आधी त्यातलं खातात. म्हणून आधी बॅटरीवर प्लग तापवून घ्यायचे, दिवा विझला की मग कपॅसिटर सोडायचा. बॅटरी ठार मेली असेल तर त्याला भरायलाच काही उरत नाही. एकट्याने रात्री चालवायची तर मी लिथियम घेईन.

माळशेजवाला

सगळ्यांचे आभार. मीटर आणला. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मधे मीटर लावला, गाडी बंद, दारं बंद, थोडा वेळ थांबलो, तरी २०० मिलीअँपिअर जातायत. एकेक फ्यूज काढत गेलो. अ‍ॅम्प्लिफायर निघाला, आधीच्या मालकाने थेट बॅटरीवर जोडलेला. तो काढल्यावर ३५ वर आलं. अर्थिंग पण घासली.

खटपट्या

२०० म्हणजे दिवसाला पाच एएच. तीन दिवसांत १५, आणि अडीच वर्षांच्या बॅटरीत ७५ चे खरे ७५ उरलेलेही नसतात. चोर सापडला. जीपीएस असेल तर ३५ ठीक आहे, ५० च्या आत असावं.

माळशेजवाला

तरी डबा घेतोच, घाटातल्या रात्रीसाठी. स्टार्टिंग करंट ५०० छापलेला एक बघितलाय. लावायचा क्रम सांगा. आणि आल्यावर बॅटरी मुद्दाम पूर्ण उतरवून अंगणात ट्राय करू का?

आधी_मीटर_लावा

पूर्ण उतरवू नका, लेड-अ‍ॅसिड बॅटरी एकदा तळाला गेली की पहिल्यासारखी होत नाही. दहा-पंधरा मिनिटं हेडलाइट लावा, तेवढं बस.

क्रम असा: चावी बंद. लाल चिमटा प्लसला. काळा बॅटरीच्या मायनसला नको, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, बॅटरीजवळ गॅस असतो, ठिणगी लांब पडलेली बरी. डब्यावरचा हिरवा दिवा लागला की चावी फिरवून डॅशबोर्डवरचा हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही झाली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. चालू झाली की आधी काळा काढा, मग लाल, चिमटे तसेच ठेवून निघायचं नाही. बॅटरी दोन-तीन व्होल्टवर गेली असेल तर डब्याला ती दिसतच नाही, तेव्हा 'बूस्ट' बटण दाबावं लागतं. पण त्यात उलट्या चिमट्यांचं संरक्षण बंद होतं, म्हणून टॉर्च मारून प्लस-मायनस दोनदा बघा.

अंगणात ट्राय करताना सेल्फ मारतानाच बॅटरीवर मीटर ठेवा. एकदा डब्याशिवाय, एकदा डबा लावून. ९ चं साडेदहा झालं तर डबा काम करतोय. आकडा हललाच नाही तर परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.