घड्याळ बघून डोपिंग ओळखता येतं का?

घाटवळणं

टूर द फ्रान्सच्या सायकल शर्यतीत तादे पोगाचारने एखादा घाट मारला की तासाभरात कुणीतरी आकडेमोड घेऊन हजर होतं. 'वजनाच्या किलोमागे ७ वॉट ताकद! हे माणसाचं काम नाही.' सगळ्यात जास्त उगाळलेलं उदाहरण १४ जुलै २०२४ चं, पिरेनीजमधल्या प्लातो दे बेयचं. १५.८ किलोमीटरची चढण, चढ सरासरी आठ टक्क्यांच्या जरासा आत. इटलीच्या मार्को पांतानीने १९९८ च्या टूरमध्ये ती साडेत्रेचाळीस मिनिटांच्या आसपास काढली होती, पोगाचारने चाळीसच्या आत काढली. पांतानीचा काळ म्हणजे ईपीओ (तांबड्या पेशी वाढवणारं औषध) अगदी जोरात होतं तो काळ. त्यामुळे प्रश्न असा, की औषधावर चढणाऱ्याला बिनऔषधाचा माणूस साडेतीन मिनिटांनी मागे टाकेल कसा?

प्रश्न रास्त आहे. पण माझं म्हणणं, घड्याळ या बाबतीत ना फिर्यादीच्या कामाचं ना आरोपीच्या. मोठी प्रकरणं फुटली कशी ते बघा. ८ जुलै १९९८ ला फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्हूट फ्रान्स-बेल्जियम सीमेवर कस्टम्सच्या हाती लागला आणि त्याच्या गाडीत औषधांचा साठाच निघाला. २००६ साली स्पॅनिश पोलिसांनी डॉक्टर फुएन्तेसकडून खेळाडूंना परत चढवायला ठेवलेल्या रक्ताच्या पिशव्या जप्त केल्या. लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सात विजेतेपदं २०१२ मध्ये गेली ती अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेसमोर (यूसाडा) २६ जणांनी साक्ष दिली म्हणून, त्यात ११ त्याचेच जुने सहकारी. २०१९ चं ऑस्ट्रिया-जर्मनीतलं रक्त-डोपिंग प्रकरण एका स्कीपटूने टीव्हीवर तोंड उघडल्यावर फुटलं. यातलं एकही वॉट मोजून सापडलेलं नाही. कस्टम्स, पोलीस आणि बोलणारी माणसं, एवढीच या खेळातली खरी प्रयोगशाळा. घाटाच्या वेळांवरून हाणामारी करणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

चेनरिंग

असहमत. पोलीस काय सकाळी उठून सहज दार ठोठावतात का? आधी कुणीतरी 'हे काहीतरी भलतंच चाललंय' म्हणावं लागतं. आर्मस्ट्राँगच्या पहिल्याच टूर-विजयापासून, १९९९ पासून, मोजके पत्रकार तेच म्हणत होते आणि त्यांना मत्सरी ठरवून गप्प बसवलं जात होतं. संशय आधी, पुरावा नंतर, हाच क्रम आहे.

आता प्लातो दे बेय. सायकली सुधारल्या म्हणता? यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) नियमाने सायकल ६.८ किलोच्या खाली जाऊच शकत नाही. १९९८ च्या सायकलींपेक्षा दीड किलो वाचलं असं धरलं, तर या चढणीवर पाऊण मिनिट मिळतं. टायर चांगले, त्याची अजून थोडी सेकंदं. एअरोडायनॅमिक्सचा गाजावाजा सपाटीवर ठीक आहे, चढावर त्याचा वाटा कमीच. उरलेली दोन-अडीच मिनिटं कुठून आली?

दुसरं, माणसं तीच आहेत. २००८ च्या टूरमध्ये सॉनिए दुवाल संघाचा रिको पॉझिटिव्ह निघाला आणि अख्खा संघ शर्यत सोडून गेला. तेव्हाचे व्यवस्थापक माउरो जानेत्ती आज पोगाचारच्या यूएई संघाचे प्रमुख आहेत. जानेत्तींवर काही सिद्ध झालेलं नाही, मान्य. पण दुधाने तोंड पोळलेल्यांनी ताक फुंकून प्यायलं तर नावं ठेवू नका.

मधला गिअर

चेनरिंगराव, उरलेली मिनिटं शोधू या. टीव्हीवरून वॉट काढतात कसे? वेळ आणि उंची पक्की असते. बाकी खेळाडूचं वजन (संघ सांगेल ते), हवेची घनता, टायरचं घर्षण आणि वारा, सगळं अंदाजाने. चाळीस मिनिटांत १५.८ किलोमीटर म्हणजे ताशी २४ च्या आसपास वेग. या वेगाला साधारण दहा टक्के ताकद हवेशी झगडण्यात जाते. ताशी सात किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडाची पानं हलवणारी झुळूक, पाठीवर असेल की समोर यावर किलोमागे तीन-चार दशांश वॉट इकडचे तिकडे होतात. आणि 'माणूस' व 'यंत्र' यांच्यातली तुमची रेषा तरी त्याहून रुंद आहे का?

शिवाय १९९८ ला पांतानी टप्पा जिंकायला निघाला होता, घड्याळ हरवायला नाही. २०२४ ला पोगाचारचा प्रतिस्पर्धी विंगेगार्ड याच्या विस्मा संघाने तळापासूनच जाळ काढला. जॉर्गेन्सन पुढे ओढत होता, मग साडेदहा किलोमीटर उरलेले असताना विंगेगार्डने हल्ला चढवला आणि पोगाचार पाच किलोमीटर उरेपर्यंत त्याच्या चाकामागे, हवेच्या आडोशाला, आरामात बसला होता. विक्रमी वेळ नोंदवायची याहून चांगली सोय नाही.

आणि पांतानीचीच वेळ प्रमाण मानायची, तर आल्प द्युएझचा घाट का विसरता? तिथे १९९७ मध्ये त्याने ३७ मिनिटं ३५ सेकंद घेतले. २०२२ च्या टूरमध्ये विंगेगार्ड-पोगाचार दोघंही तिथे गेले आणि त्या वेळेच्या जवळपासही फिरकले नाहीत. तेव्हा कुणी म्हणालं नाही, 'बघा, किती स्वच्छ झालाय खेळ.'

चेनरिंग

त्या दिवशी आधी गालिबिए आणि क्रुआ द फेर हे घाट चढून आले होते, दमलेले होते. सोयीचे घाट निवडू नका.

मधला गिअर

तेच तर सांगतोय, सोयीचे घाट निवडू नका. :)

भोचक भवानी

प्लातो दे बेयला विंगेगार्ड १ मिनिट ८ सेकंदांनी मागे, तिसरा एव्हेनेपूल २ मिनिटं ५१ सेकंदांनी. म्हणजे पांतानीपेक्षा तिघंही वेगवान. आता तीन वेगवेगळे संघ, तीन वेगवेगळे डॉक्टर, सगळे एकाच वेळी लबाड, की तिघांचंही खाणं सुधारलं? दोन्ही बाजूंनी उत्तर द्या, मी बसलेच आहे.

मधला गिअर

खाणं हा विनोद नाही, भवानीताई. पूर्वी तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं ही पोटाची मर्यादा समजायचे. आता ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण साधून आणि पोटाला महिनोन्‌महिने सवय लावून १००-१२० ग्रॅमपर्यंत जातात. पाच तासांच्या शेवटी आलेल्या घाटावर एक जण रिकामा आणि दुसरा भरलेला, हा फरक थोडाथोडका नाही.

चेनरिंग

भवानीताई, १९९८ मध्येही सगळे संघ 'वेगवेगळे' होते. २००४ मध्ये संशोधनासाठी त्या टूरचे जुने नमुने तपासले, त्याची यादी २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटने छापली. पांतानी आणि उलरिश, पहिला आणि दुसरा, दोघांच्याही नमुन्यांत ईपीओ.

रक्तगट ओ

वॉटचं बाजूला ठेवा, रक्ताच्या पासपोर्टचं कुणीच बोलत नाहीये. २००८ पासून प्रत्येक खेळाडूचं रक्त वर्षभर तपासून आलेख ठेवतात. त्यात दोन गोष्टी मुख्य बघतात, हिमोग्लोबिन आणि नव्याने तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. रक्त काढून ठेवलं की शरीर भरपाईसाठी कोवळ्या पेशी वाढवतं. तेच रक्त शर्यतीआधी परत चढवलं की हिमोग्लोबिन वर जातं आणि कोवळ्या पेशी खाली येतात, कारण शरीराला वाटतं रक्त भरपूर आहे. ही कात्री तज्ज्ञांच्या नजरेत भरते, आणि आलेख कुणाचा हे त्यांना सांगितलेलं नसतं. पूर्वी हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ५० टक्क्यांच्या आत ठेवा, एवढाच नियम होता. म्हणजे मोकळं कुरणच होतं. तो काळ आणि आजचा काळ एका तराजूत घालू नका.

घाटवळणं

रक्तगट ओ, प्रतिसाद आवडला, पण पासपोर्टवर फार भिस्त नको. २०१९ च्या प्रकरणातले सायकलपटू श्टेफान डेनिफ्ल आणि गेओर्ग प्राइडलर दोघंही पासपोर्टच्या यंत्रणेत होते. डेनिफ्लने तर स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत २०१७ मध्ये लॉस माचुकोसचा टप्पा जिंकला होता. यंत्रणेने नाही पकडलं, पोलीस डॉक्टरपर्यंत पोचले तेव्हा कळलं. कमी मात्रेत रात्री घेतलेलं ईपीओ दिवसभरात विरून जाऊ शकतं, आणि स्वतःचंच रक्त ओळखणारी थेट चाचणी अजून नाही.

रक्तगट ओ

मग तुमच्या हिशोबाने स्वच्छ खेळाडूने स्वच्छ आहे हे दाखवायचं कसं? चाचणी निगेटिव्ह, तरी आर्मस्ट्राँगचं नाव पुढे. पासपोर्ट साफ, तरी डेनिफ्ल. २०१५ मध्ये टूर जिंकणाऱ्या फ्रूमच्या संघाने वॉटचे आकडे जाहीर केले, तर त्यावरून नवीन वाद. त्याच टूरमध्ये 'डोपर' म्हणत कुणी त्याच्या अंगावर लघवी फेकली. पोगाचार आणि विंगेगार्ड आजवर एकदाही पॉझिटिव्ह आलेले नाहीत. संशयाला औषध नाही, आणि असल्या संशयात चोर सुटून संन्याशाला फाशी होते.

चेनरिंग

औषध नाही कसं? आकडे उघडे करा. सगळ्यांचे पासपोर्ट, निदान शर्यत झाल्यावर सहा महिन्यांनी. आणि नियमांच्या फटीतलं काय? २०२४ च्या टूरमध्येच बातमी आली की काही संघ कार्बन मोनॉक्साइड हुंगून हिमोग्लोबिन मोजतात, पोगाचार-विंगेगार्डचे संघही त्यात. मोजण्यासाठी म्हणाले. ठीक. पण तोच वायू वारंवार घेतला तर रक्त वाढू शकतं. यूसीआयने फेब्रुवारी २०२५ मध्ये दवाखान्याबाहेर ते यंत्र जवळ ठेवायलाच बंदी घातली. निव्वळ मोजपट्टी असती तर बंदी कशाला?

घाटवळणं

बंदी घातली ती बातमी आली म्हणून, वॉट मोजले म्हणून नाही. माझाच मुद्दा झाला. पासपोर्ट उघडे करायला मात्र पूर्ण पाठिंबा. धोका एवढाच, की आज घाटाच्या वेळांचे तज्ज्ञ आहेत, उद्या कोवळ्या पेशींचेही निघतील.

भोचक भवानी

नमुने दहा वर्षं जपून ठेवता येतात आणि तोवर कारवाईही करता येते. म्हणजे २०२४ च्या जुलैची मुदत २०३४ च्या जुलैपर्यंत. चेनरिंग, मधला गिअर, दोघांनी आयडी बदलू नका तोवर.

चेनरिंग

बदलणार नाही. पण चढवलेलं स्वतःचंच रक्त लघवीच्या बाटलीत दहा वर्षांनीही सापडायचं नाही, तेव्हा २०३४ ला 'काही मिळालं नाही' हे उत्तर मी मानणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

मधला गिअर

बघा! आणि मिळालं तर लगेच मानाल.