मदत हवी आहे: पायथन बाइंडिंग्जचं नवं व्हर्जन लायसन्सच्या ओळीवर अडकलंय

घणसोलीचा_सी
नमस्कार मंडळी. एका सी लायब्ररीची पायथन बाइंडिंग्ज, म्हणजे ती पायथनमधून वापरू देणारा जोड-कोड, मी सांभाळतो. मूळ लेखकाने हात काढून घेतला आणि ती माझ्या गळ्यात पडली. बिनपगारी काम आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीच होतं. काल नवं व्हर्जन काढायला बसलो तर लायसन्सच्या ओळीवर बिल्ड मरतंय. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित, सीआयवर (आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या सर्व्हरवर) एरर. आधी इशारा येत होता की ही ओळ जुन्या पद्धतीची आहे, बदला. बदलली तर हे असं. सोर्सचा टारबॉल पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या कोठारावर) चढलाय, व्हील्स, म्हणजे तयार बांधलेली पॅकेजेस, लटकलीत. तिथला मेटाडेटा (पॅकेजची माहिती) जागच्या जागी दुरुस्त करता येतो का? जरा लवकर सांगा. घणसोली-ऐरोलीत कोणी असेल तर भेटूनही चालेल.

खाडीपल्याड
एरर कुठली? बिल्डचं टूल कुठलं, सेटअपटूल्स, हॅचलिंग की आणखी काही? पायथन कुठलं? पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारताय तुम्ही.

गंजका_लोखंड
सी आणि सेटअपटूल्स? अजून? पायओथ्री आणि मॅच्युरिन या टूल्सवर या, सगळं रस्ट भाषेत. मी दोन वर्षांपूर्वी आलो, मागे वळून पाहिलं नाही.

घणसोलीचा_सी
@लोखंड, लायब्ररी माझी नाही, बाइंडिंग्ज माझी आहेत. रस्टमध्ये लिहायला वेळ असता तर इथे धागा काढला असता का?
सेटअपटूल्स आहे. 'लायसन्स' एकाच व्याख्येत बसलं पाहिजे, अशा अर्थाची काहीतरी एरर आहे. पॅकेजच्या सेटिंग्जच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये लायसन्स = "एमआयटी" लिहिलंय. लायसन्सचा क्लासिफायर (वर्गवारीचा टॅग) काढून टाकलाय.

खाडीपल्याड
क्लासिफायर काढलात ते बरं केलंत, दोन्ही एकत्र ठेवले तर नवं सेटअपटूल्स सरळ नकार देतं. पण सीआयवर पायथन कुठलं? दुसऱ्यांदा विचारतोय.

घणसोलीचा_सी
नेहमीचंच, ३.८ ते ३.१३. लाल फक्त ३.८ आहे.

मोरेकाका_कळवा
माझ्या भाच्याला पायथन शिकायचंय, बारावी झालाय. ठाण्यात स्टेशनजवळ चांगला क्लास कोणता? फी किती असते?

खाडीपल्याड
काका, वेगळा धागा काढा की.

घणसोलीकर, 'लाल फक्त ३.८' हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. पेप ६३९ या पायथनच्या प्रस्तावाप्रमाणे लायसन्सच्या जागी नुसती स्ट्रिंग (साधा मजकूर) चालते ती सेटअपटूल्स ७७ पासून. ते मार्च २०२५ मध्ये आलं आणि त्याला किमान पायथन ३.९ लागतं. ३.८ वर पिपला (पॅकेजेस बसवणाऱ्या टूलला) मिळतं ते ७५.३ च्या मालिकेतलं सेटअपटूल्स. त्याला स्ट्रिंग कळत नाही, टेबल लागतं, म्हणजे आत 'टेक्स्ट' किंवा 'फाइल'. एकाला जे हवं ते दुसऱ्याला जुनाट वाटतं.

स्वतः बघायचं असेल तर लॅपटॉपवर बांधलेलं व्हील घ्या. व्हील म्हणजे झिपच. अनझिप करा आणि डिस्ट-इन्फो फोल्डरमधली मेटाडेटा नावाची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. वरच 'मेटाडेटा-व्हर्जन: २.४' दिसेल, खाली 'लायसन्स-एक्स्प्रेशन' अशी ओळ. पायपीआयचं पान आणि पिप यांना तुमच्या पॅकेजबद्दल जे कळतं ते इथून. म्हणून जागच्या जागी दुरुस्ती नाही. चढलेल्या फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, डिलीट केली तरी नाही. अर्धवट चढलेलं व्हर्जन यँक करा, म्हणजे पिप ते आपणहून उचलणार नाही, आणि पुढचा नंबर काढा.

तिसरा_टप्पा
३.८ काढून टाका आणि मोकळे व्हा. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्येच संपलाय. मेलेल्या व्हर्जनसाठी कशाला रात्री जागायच्या?

घणसोलीचा_सी
इश्यू उघडून बसलेला माणूसच ३.८ वर आहे हो. महापेच्या एका कारखान्यातल्या मशीनवर उबुंटू २०.०४ आहे आणि तिथे कोणी हात लावू देत नाही. त्याला कसं सोडू?

खाडीपल्याड
सोडायचं नाहीये. पायथनची अट सांगणारी ओळ, रिक्वायर्स-पायथन, >=३.९ करा. ३.८ वरचा पिप नवं व्हर्जन वगळून आधीचं चालणारं आपोआप उचलेल. अट एकच, त्या जुन्या रिलीजला हात लावू नका. आणि उत्साहात <३.१४ असं वरचं टोक लावू नका. तसं केलंत तर ३.१४ वाल्याला पिप टोक नसलेलं एखादं पुराणं व्हर्जन शोधून देतो, ते सोर्समधून बांधायला घेतो आणि शिव्या तुम्हाला बसतात.

त्या माणसाला नवंच व्हर्जन हवं असेल तर तूर्तास टेबल ठेवा आणि इशारा सोसा. मी असतो तर ठेवलं नसतं.

गंजका_लोखंड
एबीआय३ व्हील का काढत नाही? लिमिटेड एपीआय, म्हणजे पायथनचा न बदलणारा ठराविक भाग, वापरलात तर ३.९ पासून पुढे एकच व्हील, दर पायथनला वेगळं नको.

घणसोलीचा_सी
सायथॉनमध्ये (पायथनसारखी, सीमध्ये रूपांतर होणारी भाषा) आहे सगळं. तो विषय आज नको.

कलम_कशाला
एक विचारते. लिनक्सच्या व्हीलमध्ये ती सी लायब्ररी आत जाते का? आणि तिचं लायसन्स काय?

घणसोलीचा_सी
जाते, ऑडिटव्हील रिपेअर चालवतो, ते टूल लायब्ररी व्हीलमध्ये भरतं. तिचं लायसन्स एलजीपीएल २.१ किंवा नंतरचं, एमआयटीपेक्षा कडक अटींचं. माझा कोड एमआयटी.

कलम_कशाला
मग व्हीलवर नुसतं "एमआयटी" लिहिणं चूक आहे. .एसओ फाइल, म्हणजे ती लायब्ररी, तुम्ही स्वतः वाटताय.

तिसरा_टप्पा
कोण बघतंय एवढं? सगळे असंच लिहितात.

कलम_कशाला
कंपन्यांचे स्कॅनर बघतात. आमच्याकडे पॅकेज आत घ्यायचं तर आधी हीच ओळ तपासतात. एमआयटी वाचून पास करायचं आणि नंतर आत एलजीपीएल सापडायचं, मग आमची टीम रात्री आठपर्यंत मिटिंगमध्ये.

खाडीपल्याड
बाईंचं बरोबर आहे. "एमआयटी अँड एलजीपीएल-२.१-ऑर-लेटर" असं एक्स्प्रेशन लिहा आणि लायसन्स-फाइल्समध्ये मूळ लायब्ररीची कॉपीइंग फाइलही (तिच्या लायसन्सचा मजकूर) टाका. स्पेलिंग एसपीडीएक्सच्या, म्हणजे लायसन्सच्या प्रमाणित नावांच्या, यादीतलंच हवं, मनाने नको.

मोरेकाका_कळवा
रविवारी तलावपाळीला भेटा ना सगळे. मामलेदारची मिसळ, भाच्यालाही आणतो.

तिसरा_टप्पा
रविवारी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा. आणि मध्यम तिखट सांगा, नाहीतर मिटिंग तिथेच संपेल.

घणसोलीचा_सी
३.८ सोडलं, बिल्ड-सिस्टिममध्ये सेटअपटूल्स>=७७ लिहिलं, एक्स्प्रेशन बदललं. सीआय हिरवं. व्हील अनझिप करून बघितलं, 'लायसन्स-फाइल'च्या दोन्ही ओळी आहेत. अर्धवट व्हर्जन यँक केलं, नवं चढलंय. महापेवाल्याला जुना नंबर पिन करायला सांगितलंय. खाडीपल्याड, कलमताई, आभार. लोखंड, एबीआय३ साठी इश्यू उघडा, पुल रिक्वेस्टसकट, म्हणजे लिहिलेल्या कोडसकट.

गंजका_लोखंड
सायथॉन म्हणालात ना? बघतो, महिनाअखेरीस.